सोड्या

भामाबाईनं फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडं रागानं बघितलं आणि परत कानाला लावला.

"परत एकदा बोला पाव्हणं. कोण बिजवर?"

"तुमचा परमेश्वर! पैली बायकू सोडलीय त्यानं, हे आमाला कावून न्हाई सांगितलं? आमची पोरगी काय रस्त्यावर पडलीय का?"

फोनवर होते पाटोद्याचे अभिमन्यू, योगिताचे मामा. योगिताचा बाप ती लहान असतानाच गेला, तेव्हापासून मामानंच तिला वाढवलेलं, म्हणून तिच्या लग्नात शब्द त्यांचा. पाहणं झालं होतं, पोरानं पोरीला आणि पोरीनं पोराला पसंत केलं होतं, सुपारी फोडायची तेवढी बाकी होती. आणि मेंढरामागं हिंडणाऱ्या पोराला पोरगी मिळणं म्हणजे आजकाल काय असतं, ते चौसाळ्यातल्या कुठल्याही आईला विचारा. सगळ्यांना जावई पुण्याचा पाहिजे, मग तो तिथं एका खोलीत चार जणांच्या पायात पाय घालून का झोपत असेना!

"आवो, पर तुमाला म्हणलं कोण?"

"मी सवता येऊन इचारून गेलो. तुमच्याच गावात, हायवेला, च्याच्या टपरीवर. म्हणलं, धुळाजीचा परमेश्वर कसा हाय? तर तो म्हणतो, 'कोण परमेश्वर? हां, सोड्या व्हय?' म्हणलं, सोड्या कावून? तर म्हणतो, 'सोडलं न्हवं त्यानं! भर मांडवात सोडलं, सारं गाव बघायलं व्हतं. बायामानसं रडली.' आता बोला!"

भामाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं कपाळावर हात मारला.

"आवो पाव्हणं, ते नाटक व्हतं! नाटक!"

"लगीन करून बायकू सोडायची आन् वर नाटक म्हणायचं? वा रं वा!" मामा म्हणाले आणि फोन बंद झाला.

आता ह्याला काय म्हणावं? नाटक म्हणावं तरी चूक, न म्हणावं तरी चूक. झालं होतं ते असं. परमेश्वर दहावीला असताना त्यांना मराठीत एक धडा होता, 'दोर' नावाचा. सगळ्या शाळांत तोच. विहिरीचं काम चाललेलं असतं. खाली एक जण कमरेला दोर बांधून उतरलेला, वर दोघं दोर धरून उभे. काठ ढासळायला लागतो. वरच्या दोघांतला एक घाबरून दोर सोडतो आणि मागं पळतो. दुसरा एकटाच धरून राहतो, तळहाताची सालटी निघतात तरी धरून राहतो. खालच्याला दिसतं की आता हाही आपल्यासोबत आत येणार. मग तो स्वतःच्या कमरेची गाठ सोडतो. तो मरतो, धरणारा वाचतो, आणि पळालेला माणूस उरलेला जन्म त्याच विहिरीवर वाटसरूंना पाणी पाजत काढतो. दरवर्षी परीक्षेला प्रश्न ठरलेला: धडा वाचून तिघांचं धाडस, अपराध आणि त्याग तुमच्या शब्दांत लिहा. पोरं गाइडच्या शब्दांत लिहायची.

त्या वर्षी गॅदरिंगला ह्याच धड्याचं नाटक बसवलं, शाळेपुढं मांडव टाकून. परमेश्वरनं काम केलं दोर सोडणाऱ्याचं. सोडला त्यानं दोर, पळाला, रडला. बाया खरंच रडल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून पोराचं नाव पडलं सोड्या. धरणाऱ्याचं काम केलेल्या पोराला कुणी 'धऱ्या' म्हटलं नाही. मेलेल्याला तर गाव विसरूनच गेलं. सोड्या तेवढा राहिला. किराणावाला सोड्या म्हणतो, कंडक्टर सोड्या म्हणतो, ग्रामपंचायतीचा शिपाई भर सभेत सोड्या म्हणतो. भामाबाईनं भांडून भांडून घसा बसवला, पण गावाचं तोंड कधी बसतं का? एक मात्र तिनं पाळलं होतं. तिच्या घरात ते नाव कुणी घ्यायचं नाही. ती स्वतः तर मेली तरी घेणार नव्हती. देवाचं नाव ठेवलं, पण हाक मारायला लांबलचक, म्हणून घरात पोराला 'आरं ए' एवढंच म्हणायचे.

धुळाजी, म्हणजे तिचा नवरा, ओट्यावर बसून कोकराच्या खुरातला काटा काढत होता.

"आवो, ऐकलं का?"

"ऐकलं."

"मंग?"

"काटा लई खोल हाय," धुळाजी म्हणाला.

ह्या माणसाशी बोलण्यापेक्षा कोकराशी बोललेलं बरं, ते निदान ओरडतं तरी. भामाबाईनं पदर खोचला आणि थेट शाळा गाठली.

अजिनाथ सर अजून तिथंच मराठी शिकवत होते, रिटायर व्हायला आले होते. नाटक त्यांनीच बसवलेलं. भामाबाईनं एका दमात सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्या धड्याबद्दल आपण होऊन विचारायला आलं होतं.

"भामाबाई, या पात्राचं मोठेपण कुणाला कळलंच नाही. धाडस क्षणाचं असतं, त्यागही क्षणाचा. पण अपराधाचं ओझं तो माणूस जन्मभर—"

"सर, तुमच्या त्यागाला माझा दोन्ही हातानं नमस्कार. पर आदी फोन लावा."

सरांनी फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "नमस्कार. मी शाळेतून बोलतोय. परमेश्वरचं लग्न झालेलं नाही. त्यानं कुठल्याही स्त्रीला सोडलेलं नाही. त्यानं फक्त दोर सोडला. तोही खरा नव्हता, सुतळीला पीळ घातला होता."

पुढं सरांनी धडा समजावून सांगितला. पूर्ण. लेखकाच्या परिचयासकट. भामाबाई खुर्चीच्या कडेवर बसून बोटं मोडत राहिली. मामांनी मात्र सगळं ऐकून घेतलं, कारण मास्तर बोलतोय म्हटल्यावर मधेच फोन ठेवणं त्यांच्या पिढीला जमत नाही.

"समजलं," शेवटी मामा म्हणाले. "बायकूचं न्हाई, चांगलं झालं. पर मला एक सांगा गुरुजी. तिघांत दोघं चांगले, एक पळपुटा. त्यो पळपुटा तुमी ह्याच पोराला कावून केला? मास्तर लोक पोरं वळखून आसतात. काय बघून दिलं ते काम?"

झालं! एक खड्डा बुजवला, तर त्याच मातीसाठी दुसरा खणला. सर गडबडले. "नाही, तसं... आता इतक्या वर्षांनी आठवत नाही."

"मंग बेस्तरवारी पोराला घेऊन या म्हणावं. मी त्यालाच इचारतो. पटलं तर तिथंच सुपारी, न्हाई पटलं तर राम राम. पोरगी द्यायचीय, शेळी न्हाई."

फोन ठेवल्यावर सर भामाबाईच्या नजरेला नजर देईनात. ती उठली नाही. शेवटी सरांनीच तोंड उघडलं. "खरं सांगू का? कामं मी चिठ्ठ्या टाकून वाटली होती. दोर सोडणाऱ्याची चिठ्ठी परमेश्वरला निघालीच नव्हती. जाकीरला निघाली होती. परमेश्वरला तर धरणाऱ्याचं काम होतं, मुख्य. दोन दिवसांनी तो आला आणि म्हणाला, सर, आमी आदलाबदल केलीय."

"कावून?"

"मी विचारलं नाही. मला तालमीची घाई होती."

जाकीर म्हणजे ख्वाजाभाई मेकॅनिकचा पोरगा. आता बापाचं गॅरेज तोच बघतो. दोघं पोरं पहिलीपासून एका बाकावर, एकाच्या डब्यात दुसऱ्याचा हात. भामाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मेन काम जाकीरला आणि माझं लेकरू सोड्या? ती तरातरा हायवे ओलांडून गॅरेजच्या मागं ख्वाजाभाईच्या घरी गेली. जाकीरची आई मदिनाबी अंगणात कैऱ्या फोडत बसली होती.

"आवो भाभी, या की. पानी आणू?"

"पानी नको, उत्तर पायजे. माझ्या पोराच्या गळ्यात ते मढं कुणी घातलं? चिठ्ठी तुमच्या जाकीरची व्हती न्हवं?"

मदिनाबीनं अडकित्ता खाली ठेवला. तिनं आधी गॅरेजकडं बघितलं, ख्वाजाभाई नाही ना म्हणून, आणि आवाज उतरवला.

"भाभी, त्या साली काय झालतं, विसरलाव का?"

भामाबाई विसरली होती. सगळं गाव विसरलं होतं, आणि तेच तर मदिनाबीला पाहिजे होतं. त्या साली ख्वाजाभाई यारी चालवायचा. यारी म्हणजे विहिरीतला दगड-मुरूम वर ओढायचं यंत्र. एके दिवशी यारीचा ब्रेक सुटला आणि भरलेलं टोपलं खाली मजुराच्या अंगावर गेलं. माणूस जगला, पण त्याची कंबर गेली ती गेलीच. चौकशी झाली, मशीन जुनं होतं असं ठरलं. पण गावात एकच शब्द फिरत होता: ख्वाजानं सोडलं, ख्वाजानं सोडलं. आणि त्यानंतर काही महिन्यांतच गॅदरिंग.

"आता सांगा," मदिनाबी म्हणाली, "त्याच ख्वाजाच्या पोरानं साऱ्या गावापुढं उभं राहून दोर सोडायचा? जाकीर दोन दिवस जेवला न्हाई. म्हणला, शाळाच सोडतो. तवा तुमचं लेकरू आलं. हितंच बसलं, शिळी भाकर न् लोणचं खाल्लं, आन् म्हणलं, 'ती चिठ्ठी दे बे हिकडं, रडतूस कावून?' भाभी, एका यारीनं आमाला पाडलं, दुसऱ्या यारीनं उचललं. अल्ला त्याला लई देईल."

"देईल तवा देईल! आता हातातली पोरगी चाललीय त्याचं काय?"

असं म्हणाली खरी, पण राग कुणावर काढावा तेच तिला कळेना. मास्तरवर? चिठ्ठीवर? मदिनाबी डोळे पुसत होती आणि वर लोणच्यासाठी चार कैऱ्या भामाबाईच्या ओच्यात टाकत होती. ह्या बाईशी धड भांडताही येत नाही.

दिवस मावळायला परमेश्वर मेंढरं घेऊन आला. भामाबाई वाड्याच्या तोंडाशीच उभी होती.

"आरं ए! कळलं मला समदं. चिठ्ठीचं."

परमेश्वर मेंढरं आत घेत राहिला. मग म्हणाला, "कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगंना! आता बेस्तरवारी मामा इचारणार हाय, तवा सरळ सांगायचं. मी दोस्तासाठी केलं म्हणायचं. आरं, छाती पुढं काढून सांगायची गोष्ट ही, आन् तू तोंड लपवतूस?"

"न्हाई सांगायचं, आई."

"कावून?"

"ते सांगायचं म्हंजे ख्वाजाचाचाचं सांगावं लागतं. लोकं इसरलेत. मी परत आठवण करून द्यायची व्हय? ती बी पाटोद्याला जाऊन?"

"मंग मी काय सांगू तिथं? माझं कपाळ?"

"मला नाटकाची हौस व्हती म्हण."

भामाबाईनं हात जोडले. देवाला नाही, पोरालाच. "बाबा रे, तू त्याग केलास, लई मोठा झालास. पर मला इचारलं व्हतं का? नाव तुला पडलं, पर भांडली कोण? दारोदार पोरी बघत हिंडली कोण? तुमी त्याग करायचा आन् आयांनी निस्तरायचा! त्या धड्यात त्या मेलेल्याची आई हाय का कुठं? न्हाई ना? मला वाटलंच."

परमेश्वर हसला. असा राग येतो ना, पोरगं ऐन वेळेला हसलं की! पण त्याच्या डोळ्यात पाणी होतं, म्हणून ती मागं राहिलेली मेंढरं आत हाकायला लागली.

बेस्तरवार उजाडला. दारात जीप उभी. आणि जीपमधे कोण? खुद्द ख्वाजाभाई, पांढराशुभ्र सदरा घालून! धुळाजीनं सांगून ठेवलं होतं म्हणे. इतकी वर्षं लग्नकार्याला ह्या घराला ख्वाजाचीच जीप लागते, मग आज कावून दुसरी? भामाबाईनं नवऱ्याकडं असं बघितलं की दुसरा असता तर जागीच वाळला असता. धुळाजी नवा तांबडा फेटा सावरत पुढं जाऊन बसला. रस्ताभर ख्वाजाभाई नव्या गियरबॉक्सबद्दल बोलत राहिला आणि भामाबाई खिडकीबाहेर बघत मनात शब्द जुळवत राहिली. सांगावं तर ह्याच्या तोंडावर सांगायचं. न सांगावं तर सून जाते. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो गडी गियरबॉक्सवर बोलतोय!

पाटोद्याला मामांनी ओसरीत सतरंजी टाकली होती. पाणी झालं, चहा आला. योगिता चहा देऊन आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मामा काही वाईट माणूस नव्हते. बिनबापाची पोरगी द्यायची म्हणून हजार ठिकाणी हात लावून बघणारा माणूस, एवढंच. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"तर मी सरळच इचारतो. नाटकात तिघं व्हते. बाकीच्यांला चांगली कामं, तुमालाच पळपुट्याचं कावून?"

परमेश्वर सतरंजीचा दोरा ओढत बसला. ख्वाजाभाईच्या बशीतला चहा हलायला लागला. भामाबाईनं ते बघितलं. सगळं आयुष्य स्पॅनर धरलेला हात तो, बशी धरवेना त्याला. ओठावर आलेलं सगळं तिनं गिळलं आणि तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"त्याचं आसं हाय पाव्हणं. दुसऱ्या कामाला फेटा लागत व्हता. पळपुट्याला काय, बोडक्या डोक्यानं चालत व्हतं. आमच्या घरात त्या वक्ताला धड फेटाच नव्हता. म्हणून मीच म्हणलं त्याला, हेच काम घे."

धुळाजीनं हळूच मान वळवून बायकोकडं बघितलं. त्याच्यासोबत त्याचा तो भलामोठा तांबडा फेटाही वळला. मामांनी फेट्याकडं बघितलं, मग भामाबाईकडं, मग परत फेट्याकडं. मेंढरं राखणाऱ्याच्या घरात फेटा नव्हता! उद्या म्हणाल कोळ्याच्या घरात जाळं नव्हतं. चौकटीतून फुस्सकन हसण्याचा आवाज आला.

"मामा," योगिता म्हणाली, "आमच्या शाळेत बी झालतं हे नाटक. आमच्यात ते काम घ्यायला कुनीच तयार न्हाई झालं. पोरं म्हणली, जन्मभर चिडवतात. मंग मॅडमनी ते मानूसच काढून टाकलं. दोर आपोआप तुटला आसं दाखवलं."

"मंग?"

"मंग काय! निसतं मशीन बिघडल्यावानी झालं. रडायला कुनाला आलंच न्हाई. कुनीतरी सोडल्याबिगर ते नाटकच व्हत न्हाई."

'निसतं मशीन बिघडल्यावानी' हे शब्द ऐकले आणि ख्वाजाभाईनं बशी खाली ठेवली. "बास," तो म्हणाला.

"चाचा, राहू द्या," परमेश्वर म्हणाला.

"न्हाई बेटा. भाभी खोटं बोलायल्यात, ते बी माझ्यासाठी, आन् त्यांला खोटं बोलता येत न्हाई. फेटा म्हणं!" ख्वाजाभाई मामांकडं वळला. "पाव्हणं, मी यारी चालवत व्हतो. एका मजुराची कंबर माझ्यामुळं गेली. मशीन जुनं व्हतं, पर ब्रेकवर हात माझा व्हता, आन् जाळ निघाला तवा मी भ्यालो आन् हात काढला. ते पळपुट्याचं काम माझ्या पोराला निघालं व्हतं. ह्या लेकरानं ते सवताकडं घेतलं."

परमेश्वर उठला आणि बाहेर निघून गेला. जीपपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

"एवढंच आसतं तर मी बोललो नसतो," ख्वाजाभाई म्हणाला. "त्या दिवशी मी पैल्या रांगेत व्हतो. ह्यानं दोर सोडला, आन् साऱ्या मांडवाच्या माना वळल्या. स्टेजकडं न्हाई, माझ्याकडं. मागून कुनीतरी 'ख्वाजा' म्हणलं. माझा जीव गेला. मी उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या आन् वरडलो, 'सोडला रे सोडला! वा रे सोड्या!' लोकं हसली. माना तिकडं गेल्या. ते नाव मी पाडलं. मला तवा ठावं बी नव्हतं की ह्यानं माझ्याच पोराची चिठ्ठी घेतलीय, ते मागनं जाकीरनं सांगितलं. त्यानं मात्र वरून मला बघितलं व्हतं. आजपोत्तर एक शब्द बोलला न्हाई. जीप लागली की येतो, 'चाचा' म्हणतो."

हे भामाबाईला मदिनाबीनं सांगितलं नव्हतं. मदिनाबीला तरी कुठं ठाऊक असणार?

"आवो ख्वाजाभाई! तुमी? गावातल्या येकायेकाशी भांडले मी, कुनी पाडलं म्हणून! तुमच्याच जीपमधी बसून त्याला शिव्या घातल्या! तवा तोंडात काय गूळ धरला व्हता का?"

"गूळच व्हता, भाभी. लोकं माझं इसरली व्हती. गोड लागत व्हतं."

ह्यावर भामाबाईला शिवी सुचेना. तिला रडू आलं, आणि चारचौघांत रडू आलं म्हणून अजूनच राग आला. धुळाजीनं फेट्याचं टोक सोडून तिच्यापुढं केलं. तिनं नाक पुसून घेतलं.

मामा चौकटीकडं बघून म्हणाले, "काय गं, ऐकलंस न्हवं?"

"मामा, धड्यात सोडनारे दोघं हायत," योगिता म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती थांबली नाही. "वरचा दोर सोडतो. खालचा गाठ सोडतो, वरचा वाचावा म्हणून. टपरीवाल्याचं खरंच हाय, हे सोड्याच हायत. पर हे खालचे सोड्या, तुमी वरचा धरून बसलाव."

मामांनी एक हुंकार भरला. "शिकवलेलं वाया न्हाई गेलं," ते म्हणाले. "आणा सुपारी. बलवा पोराला."

परमेश्वर अजून जीपकडंच तोंड करून उभा होता.

"परमेश्वरराव!" मामांनी ओसरीतून हाक मारली. तो वळला नाही.

"परमेश्वर!" धुळाजीनं मारली. नाही.

"परमेश्वर, बेटा!" ख्वाजाभाईनं मारली. त्याच्या तोंडून ते नाव इतक्या वर्षांत पहिल्यांदाच निघत होतं. पोरगं ढिम्म. जणू दुसऱ्याच कुणाला बोलवतायत. त्या नावाची हाक कानावर पडायची सवयच मोडली होती त्याची.

इकडं सुपारी ताटात, अडकित्ता मामांच्या हातात, आणि नवरदेव जीपला चिकटलेला. भामाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तरातरा पायरीवर आली.

"आरं सोड्या! बहिरा झालास का?"

परमेश्वर गर्रकन वळला. "काय गं आई?"

आणि मग दोघंही एकमेकांकडं बघत राहिले. तिनं जीभ चावली. आजवर मेली तरी घेणार नव्हती ते नाव, आणि घेतलं कुठं, तर व्याह्यांच्या दारात! आतून योगिता हसायला लागली, मामा हसायला लागले, धुळाजीसुद्धा. भामाबाईनं तोंडाला पदर लावला.

हसला नाही तो एकटा ख्वाजाभाई. तो उठला, चप्पल न घालता उन्हातून जीपपाशी गेला आणि परमेश्वरच्या पुढ्यात उभा राहिला.

"पाठ कर बे," तो म्हणाला.

"आं?"

"पाठ कर म्हणतो ना. मघासारखा हुबा ऱ्हा."

परमेश्वरला काही कळेना, पण त्यानं पाठ केली. ख्वाजाभाई परत ओसरीपर्यंत चालत आला, भामाबाईच्या शेजारी पायरीवर उभा राहिला, आणि त्या मांडवात ओरडला होता तसंच पोटातून ओरडला, पार शेजारच्या घरात ऐकू जाईल असं.

"परमेश्वर!"

पोरगं हळूच वळलं.

"हां चाचा," तो म्हणाला, "आलो."

"ये. सुपारी फोडायचीय," ख्वाजाभाई म्हणाला. भामाबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही, पण पायरीवर जरा सरकून त्याला सावलीत जागा करून दिली.